त्येला वाटं लावला

शब्दाची भीती वाटते म्हटलं की माझी नातवंडं हसतात. सापाची वाटावी, विजेची वाटावी, फार तर डॉक्टरच्या सुईची. शब्दाला काय भ्यायचं? पण मला वाटते. टीव्हीवरचा एखादा गुंड समोरच्याची गचांडी धरून म्हणाला, 'तुझी वाट लावीन', की मी उठते, स्वयंपाकघरात जाते आणि घासलेलंच भांडं पुन्हा विसळत बसते. सुनेला वाटतं, म्हातारीला मारामारी बघवत नाही. तसं नाही ते.

माझं माहेर आटपाडीकडचं, मेंढरांचं. तिकडं एक रीत होती. पाहुणा निघाला तर त्याला उंबऱ्यावरूनच जा म्हणायचं नाही. घरातल्या एकानं त्याचं गठुडं स्वतःच्या खांद्यावर घ्यायचं, त्याच्याबरोबर चालायचं, वस्ती संपते किंवा वाट फुटते तिथवर जायचं. तिथं बसून तंबाखू मळायची, गठुडं त्याच्या हवाली करायचं आणि मग माघारी फिरायचं. ह्याला आम्ही म्हणायचो वाटं लावणं. 'मामाला वाटं लावून आलो.' 'व्याह्यास्नी वाटं लावलं का रं?' रोजचं बोलणं होतं ते. माणूस भांडून निघाला असेल तर त्याच्याबरोबर जास्तच लांब जायचं, कारण चालता चालता राग उतरतो असं आमची माणसं मानायची.

लग्न होऊन मी आले ती पलूसच्या अलीकडच्या एका गावात. पाटाचं पाणी, ऊस, दारावरून जाणारी एस.टी. इथली माणसं पाहुण्याला 'स्टँडवर सोडून' यायची. आणि वाट लावणं म्हणजे इथं एकच, एखाद्याचा निकाल लावणं. सिनेमावाल्यांनी तर तो अर्थ पार खिळा मारून बसवला. मी सुरुवातीला एकदा सासूला म्हटलं, "मावशीस्नी वाटं लावून आले," तर माझी सासू हातातलं सूप टाकून माझ्याकडं बघायला लागली होती. तेव्हा आम्ही सगळ्याच हसलो होतो.

हे सगळं झालं ते नव्वद सालाच्या पुढच्या वर्षांत. माझा धाकटा भाऊ दरसाल दिवाळीनंतर मेंढरं घेऊन आमच्या भागात उतरायचा. तिकडं रान सुकलेलं असायचं, आणि इकडं ऊस निघालेल्या रानात मेंढरं बसवायला शेतकरी त्याला आधीच सांगून ठेवायचे, लेंड्यांचं खत मिळतं म्हणून. त्या खेपेला त्याच्याबरोबर एक सोबती होता, जतकडचा. अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलायचा. हसरा गडी. दोघंही मला 'अक्का' म्हणायचे, आणि दोघांनी एकदम हाक मारली की ओ कुणाला द्यायची ते मला कळायचं नाही.

सोबत्याच्या गावची यात्रा आली आणि त्याला जायचे वेध लागले. भाऊ एकटा पडणार होता. दोघं भर रानात कडाकडा भांडले. "जातोस तर जा, पर परत त्वांड दावू नगंस!" असं भाऊ ओरडला, ते रानाच्या मालकानं ऐकलं, भांगलणाऱ्या बायांनी ऐकलं. मग मेंढरांजवळ मालकाच्या माणसाला बसवून दोघं माझ्याकडं आले. एकमेकांशी बोलत नव्हते, पण भाकरी एकाच ताटात खाल्ली. सोबत्याला वाटेसाठी मी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. त्याचं गठुडं भावानं न बोलता आपल्या खांद्यावर टाकलं. दोघं निघाले, आणि मला बरं वाटलं. म्हटलं, मिटलं.

दुपार कलली तेव्हा भाऊ एकटा परत आला. माझ्या दारात तेव्हा शेजारीण उभी होती. समोर तिची पिठाची गिरणी, माझं दळण झालं म्हणून सांगायला आली होती. तिला कुणाचीही चेष्टा केल्याशिवाय चैन पडायची नाही.

"काय ओ पावनं, एकटंच? जोडीदार कुटं हरवला?"

भाऊ म्हणाला, "लावला त्येला वाटं."

ती हसली. तेवढ्यात गिरणीचा पट्टा घसरल्याचा आवाज आला तशी पदर खोचून पळाली. मी भावाच्या पायावर ओतायला तांब्या दिला आणि सहज विचारलं, "लय लांब गेलतास व्हय रं?"

पाय चोळता चोळता तो म्हणाला, "पाटाच्या पुलापतूर."

एवढंच. मी चहा ठेवला. तो चहा पिऊन मेंढरांकडं गेला.

काही दिवसांनी पाटाच्या खालच्या अंगाला, गेटच्या जाळीत, सोबत्याचं मढं अडकलेलं सापडलं. डोक्याला मोठी खोक होती.

मी बघायला गेले नाही. आमचे हे कारखान्यातून आले, सायकल भिंतीला लावली, आणि म्हणाले, "तुझा भाऊ कुटं हाय?"

आता शेजारणीचं सांगायला पाहिजे. आळीत रंगीत टीव्ही पहिल्यांदा तिच्याकडं आला. खुनाच्या तपासाची एक मालिका लागायची, ती बघायला आळीतल्या आम्ही सगळ्या तिच्याकडं गोळा व्हायचो. खुनी कोण ते तिला जाहिराती लागायच्या आत कळायचं. "जवळचाच असतोय गं. लांबचा कशाला तरास घील?" असं म्हणून ती आम्हाला चिवडा द्यायची. स्टँडवर फोटोवाली गुन्ह्यांची पेपरं टांगलेली असायची, तीही ती आणायची. खरं सांगते, मी जोडाक्षरं वाचायला शिकले ती त्याच पेपरांवरून. 'निर्घृण' हा शब्द मला 'गृहपाठ'च्या आधी वाचता आला. आम्हाला त्यात मजा वाटायची. कुणीतरी कुणालातरी मारलेलं असायचं, आणि आम्ही सगळ्या जिवंत, हातात चिवडा.

हवालदार चौकशीला आले तेव्हा शेजारीण जे ऐकलं ते बोलून गेली. वाईट मनात नव्हतं तिच्या. उलट, आपण मदत करतोय असंच तिला वाटत होतं. हवालदार कोकणातले, सभ्य माणूस, गिरणीच्या बाकावर पाय जोडून बसून लिहीत होते. तिनं सांगितलं, त्यांनी त्यांच्या भाषेत उतरवलं: 'मी त्याची वाट लावली, असे आरोपीने हसत सांगितले.' हसली होती ती. कागदावर भाऊ हसला.

मग ते माझ्याकडं आले. "मावशी, भाऊ काय म्हणाला?"

मी म्हटलं, "त्येला वाटं लावला, म्हनला."

त्यांनी मान हलवली, लिहिलं, आणि उठले. पुढं काही विचारलं नाही. मी पुढचं काही सांगितलं नाही.

भावाला मेंढरांतूनच नेलं. त्याची कुत्री जीपमागं बरीच धावली म्हणतात. मी ठाण्यात भाकरी घेऊन गेले तेव्हा तो भिंतीला टेकून बसला होता. सारखं एकच म्हणत होता, "अक्का, म्या त्येला कमानीपतूर सोडला. कमानीतनं माघारी फिरलो. तसंच सांगिटलंय सायबास्नी."

कमान म्हणजे आमच्या गावाच्या वेशीवरची. आणि पूल? तो तिथून बराच पुढं, रानातून गेल्यावर. मी त्याच्याकडं बघत राहिले. मला तो पुलापर्यंत म्हणाला होता. पाय धुताना म्हणाला होता. आता कमान म्हणतोय. पोलिसांना कमान आणि मला पूल. माझ्या हातातली भाकरी मी त्याला दिली आणि काही न विचारता बाहेर आले.

घरी ह्यांना सांगितलं. "आवं, त्यो मला पुलापतूर म्हनलाता."

हे सायकलची चेन पुसत होते. हात तसाच थांबला. "कुणाला बोललीयास?"

"न्हाई."

"मग बोलू बी नगंस. जलमात."

ते झालं आणि माझ्या तोंडाची मलाच भीती वाटायला लागली. मी बडबडी बाई. पाणी भरायला गेले तर हंडा भरेपर्यंत माझं अख्खं घर बोलून मोकळं होतं. माझ्या जिभेवर आता एक पूल येऊन बसला होता आणि तो कुठल्या बोलण्यातून निसटेल त्याचा भरवसा नव्हता. बायका जमल्या की मी उठून जायला लागले. लोकांना वाटलं, भावाच्या लाजेनं जाते.

वर्तमानपत्रात आतल्या पानावर, खाली, बातमी आली. मेंढपाळाचा खून, साथीदाराला अटक, 'वाट लावली' अशी कबुली. गिरणीत कुणीतरी मोठ्यानं वाचली. नळावर एका पोरीनं मला विचारलं, "काकी, तुमचा भाऊ खरंच पिक्चरमधल्यागत म्हनला व्हय?" तिला टोमणा मारायचा नव्हता. तिला खरंच ऐकायचं होतं, कसं म्हणाला ते.

वहिनी आणि तिचा भाऊ येऊन मेंढरं माघारी आटपाडीकडं घेऊन गेले. भाऊ सांगलीच्या जेलात. आम्ही वकील बघितले. उंच, बारीक, सतत बडीशेप चघळणारे. त्यांनी सगळे कागद वाचले आणि म्हणाले, "मावशी, पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात टिकत नाही. पण घरच्या, शेजारच्या माणसाजवळ बोललेला शब्द टिकतो. तुम्ही दोघी सरकारी बाजूच्या साक्षीदार आहात. सगळी भिस्त एका अक्षरावर. तो 'त्याला' म्हणाला की 'त्याची' म्हणाला?"

"त्येला म्हनला."

"नक्की?"

मी नक्की म्हटलं. पण पुढच्या महिन्यांत त्या वाक्याचं काय झालं ते मी सांगू शकत नाही. चुलीपुढं बसले की मी ते मनात म्हणून बघायची. त्येला वाटं लावला. त्याची वाट लावली. कधी ह्या आवाजात, कधी त्या. म्हणून म्हणून ते इतकं झिजलं, की एके दिवशी मला भावाचा आवाजच आठवेना. दोन्ही वाक्यं माझ्याच आवाजात ऐकू यायला लागली.

आणि दुसरं म्हणजे, मला त्याचं जुनं जुनं आठवायला लागलं. विशीत असताना एकदा कोकरू नेणाऱ्या लांडग्यामागं तो काठी घेऊन गेला होता. लांडगा पडला तरी मारत होता. बापानं हात धरला तेव्हा थांबला. तेव्हा आम्ही त्याचं कौतुक केलं होतं. आता मला तीच काठी दिसायची. मालिकेत असंच दाखवायचे ना, आरोपीचं मागचं काहीतरी निघतं आणि मग पुढचं सगळं सरळ होतं. पाठचा भाऊ माझा, कडेवर घेऊन वाढवलेला, आणि मी त्याच्याकडं जाहिराती लागायच्या आधी खुनी ओळखणाऱ्या बाईसारखी बघायला लागले होते. मालिका बघायला जायचं मी सोडलं.

वकिलांना पुलाचं सांगावं म्हणून एकदा मी तोंड उघडलं. "साहेब, त्या दिवशी आनि एक बोलनं झालं, मी त्येला इचारलं..." त्यांनी लगेच हात वर केला. "मावशी, जे माझ्या कागदात नाही ते मला सांगू नका. विचारतील तेवढंच बोला. कमी बोला. तुम्ही फार बोलता."

तारखा पडत राहिल्या. मग एकदा साक्षीचा दिवस आला.

सांगलीच्या कोर्टाचं मी काय काय मनात धरून गेले होते! लाकडी हातोडा, काळ्या डगल्यात गरजणारे वकील, हात ठेवायला पोथी. तसलं काही नव्हतं. पंखा कुरकुरत होता. टंकलेखन करणारा एक माणूस मशीनपुढं बसून डोळे चोळत होता. सरकारी वकील वयस्कर, सर्दी झालेले, रुमालात नाक पुसून हळू आवाजात बोलणारे. मागच्या बाकावर पोलिसाशेजारी माझा भाऊ, हडकलेला, मिशी काढलेला. त्याला मिशीशिवाय मी लहानपणानंतर प्रथमच बघितलं.

व्हरांड्यात एक म्हातारी बसली होती. सोबत्याची आई. मी कोण ते तिला ठाऊक होतं. तिनं मला जवळ बोलावलं तेव्हा मला वाटलं, आता ही माझ्या तोंडावर थुंकेल. तिनं विचारलं, "अक्का, माजा लेक उपाशी गेला काय?"

मी म्हटलं, "न्हाई ओ. जेवून गेला. वाटंला भाकरी बी दिलती."

ती मान हलवत राहिली. मला वाटतं, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आधी शेजारणीची साक्ष. वर्षभर ती 'त्याची'वर ठाम होती. पिंजऱ्यात उभी राहिली, एकदा माझ्या भावाकडं बघितलं, आणि तिचं पाणी झालं. "साहेब, त्येला म्हनला का त्याची म्हनला, मला आता सांगता येत न्हाई. माज्या कानात दोनी बी हाईत." सरकारी वकिलांनी पुन्हा पुन्हा विचारलं. ती रडायला लागली. ते म्हणाले, साक्षीदार फितूर झाला आहे. बाहेर आली ती माझा हात धरून, "वैनी, मला फितूर म्हनलं गं! मी काय किल्ला दिला का कुनाला?" त्या वेळी मला हसू आलं आणि हसताना दात वाजायला लागले, कारण माझ्या नावाचा पुकारा झाला होता.

देवासमक्ष खरं सांगेन, असं शिपायानं म्हणून घेतलं. पोथीबिथी नाही. नुसतं म्हणायचं. मला वाटलं, पोथी असती तर निदान हात ठेवायला जागा असती. मी कठडा धरला. सरकारी वकिलांनी सुरुवात केली.

"भाऊ काय म्हणाला?"

"त्येला वाटं लावला."

जज्जसाहेब टंकलेखकाला सांगत होते ते थांबले. "वाटं लावला म्हणजे?"

मी सांगितलं. गठुडं खांद्यावर घेणं, वाट फुटते तिथवर जाणं, तंबाखू. भांडण झालं असलं तर लांब जायचं, तेही सांगितलं. जज्जसाहेब नीट ऐकत होते. माझे शब्द ते चांगल्या मराठीत करून सांगायचे आणि मशीन टकटक करायचं.

सरकारी वकील पुढं झाले. "बाई, तुमच्याकडं रागानं वाट लावणं असंही बोलतात की नाही?"

"बोलत्यात."

"म्हणजे दोन्ही अर्थ आहेत."

"व्हय." खोटं कसं बोलू? त्यांनी मान हलवली आणि बसायला लागले. मला वाटलं, संपलं.

पण जज्जसाहेबांनीच विचारलं, अगदी घरातल्या माणसासारखं: "बाई, मग तुम्ही ते कोणत्या अर्थानं घेतलं? ऐकल्यावर तुम्ही त्याला काय म्हणालात?"

इतक्या महिन्यांत कुणी मला इतक्या मऊ आवाजात काही विचारलं नव्हतं. आणि हे एक मला पक्कं आठवत होतं. 'ची' आणि 'ला' झिजून गेले होते, पण माझं स्वतःचं बोलणं तसंच होतं. मी मोकळेपणानं म्हटलं, "म्हननार काय साहेब? पाय धुवाय पानी दिलं आनि म्हनलं, लय लांब गेलतास व्हय रं? वाटं लावून आलेल्या मान्साला असंच इचारत्यात. मुडदा पाडून आलेल्याला कुनी असं इचारतंय का?"

जज्जसाहेबांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. आमचे वकील बडीशेप चघळायचे थांबले. मला वाटलं, मी भावाला सोडवलं.

सरकारी वकील बसले नव्हते. त्यांनी रुमाल खिशात घातला.

"मग तो काय म्हणाला?"

मशीन थांबलं होतं. टंकलेखक माझ्याकडं बघत होता, बोटं उचललेली. मागच्या बाकावरून भाऊ माझ्याकडं बघत होता. त्याला आठवत होतं. तो काय म्हणाला होता ते त्याला आणि मला, दोघांनाच ठाऊक होतं, आणि मी त्याच्या डोळ्यांत बघितलं तर तिथं नुसती भीती होती, लहानपणी विहिरीत डोकावताना असायची तसली. काही म्हणाला नाही, एवढं म्हणायचं. एवढं म्हटलं की झालं असतं. पण तोंड उघडलं आणि जे होतं तेच आलं.

"पाटाच्या पुलापतूर, म्हनला."

मशीन टकटकलं. आमच्या वकिलांनी डोळे मिटून घेतले. जज्जसाहेबांनी माझं बोलणं मला वाचून दाखवलं आणि मी अंगठ्याऐवजी सही केली, तिरकी.

निकाल लागायला उन्हाळा उलटला. तेवढे दिवस मी कशी जगले ते विचारू नका. माहेरचं कुणी माझ्याशी बोलत नव्हतं. वहिनीनं निरोप धाडला होता, "नणंदबाईनं माज्या नवऱ्याला फासावर चढिवला." ह्यांनी मला एका शब्दानं बोल लावला नाही, पण जेवताना मान वर करत नव्हते. मी स्वयंपाक करायची आणि ऐकत राहायची, बाहेर कुणाची पावलं वाजतात का.

भाऊ सुटला. डॉक्टरांनी सांगितलं होतं की डोक्याची खोक पाटाच्या सिमेंटवर आपटूनही पडू शकते. पुलावर दोघांना कुणी पाहिलेलं नव्हतं. आणि शब्दाचे दोन अर्थ होते. वकिलांनी आम्हाला समजावून सांगितलं: संशयाचा फायदा देऊन निर्दोष सोडलं.

भावानं वकिलांना विचारलं, "फायदा म्हंजे सुटलोच न्हवं साहेब?"

"सुटलात. जा घरी."

सांगलीच्या स्टँडवर आम्ही आटपाडीच्या गाडीची वाट बघत बसलो होतो, आम्ही दोघंच. हे पेरू आणायला गेले होते. भाऊ मिशी वाढवत होता, ती पांढरी उगवत होती. बराच वेळ तो गाड्यांच्या पाट्या बघत राहिला. मग म्हणाला, "पुलापतूर सांगिटलंस."

"तूच म्हनलावतास."

"म्हनलोतो." थांबला. "राग न्हाई माजा."

मला रडू आलं नाही. मी त्याला विचारलं. वर्षभरात पोलिसांनी, वकिलांनी, सरकारनं त्याला पुष्कळ विचारलं असेल, पण मी विचारलं नव्हतं. "फुडं काय झालं रं पुलावर?"

त्यानं सांगितलं. पुलावर बसून दोघांनी तंबाखू मळली. राग उतरला होता. यात्रेहून येताना गुलाल घेऊन ये, असं भावानं त्याला सांगितलं. गठुडं दिलं. सोबती म्हणाला, पाटात उतरून हातपाय धुतो आणि निघतो. पाट काठोकाठ भरून चालला होता. भाऊ म्हणाला, जपून उतर, आणि माघारी फिरला. वाटं लावून फिरताना मागं वळून बघायचं नाही, ही आमची दुसरी रीत.

"मग?"

"मग आवाज आला, अक्का. पान्यात पडल्याचा. म्या थांबलो." त्यानं पुन्हा गाड्यांच्या पाट्यांकडं बघितलं. "मला वाटलं, गडी उडी टाकून आंगूळ कराय लागला. उन्ह हुतं. म्या हसलो. आनि चालाय लागलो."

मी त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"पुलाचं नाव काडलं तर ह्ये बी सांगाय लागंल, म्हनून कमान म्हनलो. आवाज आला तवा वळलो असतो तर..." त्याचा आवाज चढायला लागला. शेजारच्या बाकावरच्या बाईनं मान वळवली. एक पोलीस कोपऱ्यातल्या टपरीवर चहा पीत उभा होता, त्याचं आमच्याकडं लक्षही नव्हतं. "अक्का, ह्ये म्या सांगाय पायजे हुतं का? त्येच्या आईला तरी? सांग की."

"हळू बोल," मी म्हटलं. "हळू बोल रं, लोकं ऐकत्यात."